बटवा घशासाठी, तपासणी तापासाठी

टेंभी नाक्यावर 1978 साली आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या नवरात्रोत्सवात देवीचा जयघोष करून अनेकांचा घसा बसतो. मग घरोघरी आजीबाईचा बटवा उघडतो. तो जरूर उघडावा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास खवखव कमी होते. खोकल्यावर झोपताना चमचाभर मधही चांगला. मात्र वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

परंतु हेच दिवस मलेरिया आणि डेंग्यूचेही असतात. ताप आल्यावर 'काढा घेऊन बघू' म्हणत तीन-चार दिवस घालवणे आम्हाला मुळीच मान्य नाही. मलेरियाचे निदान रक्त तपासल्याशिवाय होत नाही आणि काढ्याने तो बरा होत नाही. डेंग्यूत तर ताप उतरताना धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसताच इस्पितळ गाठावे. तापात अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये.

घरगुती उपाय आराम पडावा म्हणून असतात, डॉक्टरांकडे जाणे टाळावे म्हणून नव्हे.