घरचें यंत्र : जुन्या मालट्रकाला पंप कोणता?

खारेपाटणहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. पत्र मोठें गमतीचें आहे. परंतु त्यांतील प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. त्यांच्या आजेसासऱ्यांनीं १९४७ सालीं घेतलेला शेव्हरोले मालट्रक अद्याप घरामागच्या मांगरांत उभा आहे. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्णपणें सुरू झाली. तिच्या कितीतरी आधींपासून आंबे, नारळ आणि तांदूळ घेऊन घाट चढण्याचें काम या ट्रकानें केलें. येत्या भाद्रपदांत गणपतीची मूर्ति शाळेंतून घरीं आणावयाची ती याच ट्रकांतून, असें सर्व कुटुंबानें ठरविलें आहे. अडचण एकच : इंजिनास पेट्रोल पोंचत नाहीं.

थोरल्या दिरांचें म्हणणें असें कीं, जुना पंप आहे तोच ठेवावा. वडिलांच्या वस्तूला हात लावूं नये. पुण्याहून आलेल्या पुतण्यानें मात्र नव्या मोटारीचा विजेवर चालणारा पंप आणून बसविला. इंजिन सुरू झालें. पण पांच मिनिटांतच माजघरापर्यंत पेट्रोलचा वास आला. पाहतात तों कार्ब्युरेटर तुडुंब भरून पेट्रोल बाहेर ओघळत होतें. “ट्रकाच्या मागें घरचीं सहा मुलें बसणार आहेत,” असें लिहून त्या विचारतात, “तेव्हां काकांचें ऐकावें कीं पुतण्याचें, तेवढें सांगा.”

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. ‘पेट्रोल पंप’ म्हटलें कीं आपणांस रस्त्यावरचें दुकान आठवतें. येथें ज्याविषयीं बोलावयाचें तो इंजिनाच्या अंगास जोडलेला, वाटीएवढा पंप होय. आपले मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. टाकींतील पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे देणें एवढेंच त्याचें काम.

हें काम पूर्वीं पंपावांचूनही होत असे. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे वाहत असे. तीव्र चढावर टाकी खालीं आणि इंजिन वर झालें कीं प्रवाह थांबे. म्हणून कित्येक चालक गाडी उलटी वळवून पाठमोरी चढवीत! पुढें इंजिनाच्या शोषणानें भरणारी छोटी टाकी आली. पण लांब चढावर शोषण कमी पडे आणि तीही रिकामी होई. घाटाची ही अडचण पडद्याच्या पंपानें कायमची दूर केली.

त्याची रचना मोठी हिकमती आहे. इंजिनांतील एक फिरता उंचवटा तरफेला ढकलतो. तरफ पंपांतील लवचीक पडद्याला खालीं ओढते. त्या ओढीनें टाकींतील पेट्रोल आंत येतें. तरफ सैल होतांच पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर सारते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातें. म्हणजे ओढण्याचें काम इंजिनाचें, पण ढकलण्याचें काम स्प्रिंगचें. इंजिन कितीही वेगानें फिरलें तरी दाब स्प्रिंगच्या बळापलीकडे फारसा जात नाहीं. कार्ब्युरेटर भरला कीं पडदा खालींच थांबतो व पंप आपोआप विसावतो. इंजिन बंद पडलें कीं पंपही बंद. सुरक्षितपणाच्या दृष्टीनें हा गुण लाखमोलाचा आहे.

आतां कार्ब्युरेटरकडे पाहूं. त्याच्या वाटींत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वर चढलें कीं तो एका बारीक सुईला वर दाबून येणारी वाट बंद करतो. ही सुई दर चौरस इंचास ३ ते ५ पौंड दाब सहज अडविते. त्याहून फार अधिक दाब तिला पेलवत नाहीं. नव्या मोटारींत कार्ब्युरेटर नसतो, पिचकारी असते. तिला बहुधा ४० ते ६० पौंड दाब लागतो. पुतण्यानें आणलेला पंप या जातीचा असणार. नळाच्या तोटीवर आगबंबाचा झोत सोडावा, तशी त्या सुईची गत झाली. शिवाय या शेव्हरोलेंत कार्ब्युरेटरच्या खालींच ऊन मॅनिफोल्ड असतो. त्यावर पेट्रोल ठिबकूनही पेट घेतला नाहीं, हें त्या कुटुंबाचें भाग्यच समजलें पाहिजे. तो पंप त्यांनीं आजच काढून ठेवावा.

“पण मोठ्या ट्रकास पेट्रोल पुष्कळ लागणार, तर पंप जोरदार नको काय?” असें पुतण्या विचारील. हिशेब करून पाहूं. हें इंजिन ९० अश्वशक्तीचें. पूर्ण जोर लावला असतां दर अश्वशक्तीमागें तासाला सुमारें पाव किलो पेट्रोल खर्च होतें. म्हणजे साडेबावीस किलो, अर्थात् जवळजवळ ३० लिटर. मिनिटाला अर्धा लिटर पुरें! सुस्थितींतील एसी पंप एवढें सहज देतो. इंजिन थंड असतां कार्ब्युरेटरकडची नळी सोडून बाटलींत धरावी, प्रज्वलनाची तार काढावी व स्टार्टरानें इंजिन फिरवावें. पेट्रोल जोरानें व खंड न पडतां आलें पाहिजे. जवळपास विडी, दिवा, चूल कांहीं नको.

येथपर्यंत थोरल्या दिरांची बाजू वरचढ दिसते. पण ‘हात लावूं नये’ हेंही खरें नव्हे. भारतांत २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें, आणि २०२५ पर्यंत तें बहुतेक ठिकाणीं पोंचलें. इथेनॉल जुन्या रबराला फुगवितें, ठिसूळ करितें. शिवाय हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कोंकणांत ओलीला काय तोटा! पूर्वींचा पडदा अशा पेट्रोलापुढें टिकत नाहीं. तो फाटला कीं पेट्रोल खालीं इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाची कांडी काढून पाहावी : तेल वाढलेलें दिसलें, पातळ झालें, पेट्रोलचा वास आला, तर पंप गेला समजून इंजिन मुळींच फिरवूं नये, पातळ तेलानें बेअरिंगें जळतात. पंपाचें कवच जुनेंच ठेवून आंतील पडदा, झडपा व गॅस्केटें मात्र इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचीं घालावीं. लवचीक नळ्याही बदलाव्या आणि तेल नवें भरावें. वडिलांची वस्तु राखणें म्हणजे तिचें दुखणें राखणें नव्हे.

पंप दुमजली असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा दुसरा मजला पेट्रोलसाठीं नसून कांचेवरच्या वायपरसाठीं असतो. हे वायपर इंजिनाच्या शोषणावर चालतात व चढावर नेमके मंदावतात; हा मजला त्यांना हात देतो. आषाढांत भुईबावड्याच्या घाटानें गगनबावड्याकडे गेलेल्यास त्याची किंमत सांगावयास नको. एसी पंप काढून टाकला तर हेंही सुख जातें.

मग विजेच्या पंपाला स्थानच नाहीं काय? आहे. वैशाखांत घाट चढून ट्रक थांबला कीं नळींतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच चघळीत बसतो. मिस्त्री पंपावर ओलें फडकें ठेवतात तें याचसाठीं. ओढलेलें पेट्रोल लवकर उकळतें, ढकललेलें उशिरा. म्हणून टाकीपाशीं बसविलेला विजेचा पंप अशा वेळीं उपयोगीं पडतो. जुन्या इंग्रजी मोटारींतही कमी दाबाचे असे पंप असत. तेव्हां ती योजना परंपरेला सोडून आहे असेंही नाहीं.

मात्र पथ्यें कडक आहेत. दाब ३ ते ४ पौंडांचा असावा. अधिक असल्यास रेग्युलेटर लावावा. या ट्रकाची वीज ६ व्होल्टांची आहे, म्हणून पंप ६ व्होल्टांचाच घ्यावा. तो टाकीच्या जवळ, शक्य तितका खालीं व सायलेन्सरपासून दूर असावा. त्याच्या आधीं गाळणी हवी. तारेंत योग्य फ्यूज हवाच. आणि सर्वांत महत्त्वाचें : इंजिनांतील तेलाचा दाब गेला कीं पंपाची वीज आपोआप तुटेल असा स्विच बसविल्यावांचून तो जोडूं नये. अपघात होऊन इंजिन थांबलें आणि पंप मात्र पेट्रोल ओतीत राहिला, तर पुढें काय होईल तें लिहावयास नको.

आमचा निर्णय असा. गणपतीसाठीं एसी पंपच दुरुस्त करून घालावा. गांवांतल्या गांवांत विजेच्या पंपाची गरज नाहीं. पुढें घाट चढण्याची हौस झाली तर वरील पथ्यें पाळून तो मदतीस जोडावा. आधीं आठ दिवस मुलांना न बसवितां रोज फेरी मारावी, परत आल्यावर प्रत्येक जोड बोटानें चाचपून कोरडा आहे कीं नाहीं पाहावें. पेट्रोलची आग पाण्यानें विझत नाहीं, उलट पसरते. म्हणून कोरड्या भुकटीचा अग्निशामक चालकाच्या हाताशीं ठेवावा. जोड एकदां जरी ओला दिसला, तर यंदा मूर्ति दुसऱ्या गाडींतून आणावी. ट्रक पुढच्या वर्षीं जाईल.

आणि एक सुचवावेंसें वाटतें. पंप दुरुस्तीला बाहेर न धाडतां ओटीवर जुनें धोतर पसरून काका-पुतण्यांनीं मिळून उघडावा. कोणता स्क्रू कोठला हें काकांना ठाऊक असेल; कोणतें रबर टिकेल हें पुतण्या शोधून काढील. सहा मुलें भोंवतीं बसून पाहतील, तीं हा ट्रक आणखी एक पिढी चालवितील.