धबधब्याची वाट आणि लघवीची गोळी

पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीच्या बाजूचे धबधबे पाहण्याचा बेत आपण आखत असाल, तर छत्री-काठीआधी औषधांचा डबा उघडावा. वाटेत अडचण नको म्हणून अनेक ज्येष्ठ त्या दिवशी लघवीची गोळी परस्पर वगळतात, पाणीही पीत नाहीत. हृदय कमकुवत असल्यास गोळी चुकल्याने चढावर धाप लागू शकते; पाणी टाळल्याने भोवळ येऊ शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारावे. पुष्कळदा ती बदलता येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि ती कोणत्या खिशात आहे, हे सोबत्यास सांगावे.

मुलासुनांनी ध्यानी घ्यावे, की गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना, ओल्या कातळावर होते. तेव्हा वडीलधारे दमण्याआधीच परतावे. रतनवाडीपर्यंत गाडी जाते. तेथूनच डोंगर न्याहाळण्यात कमीपणा कसला? चालताना छातीत दडपण आले, तर ‘पित्त असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बसवून मदत मागवावी. डोंगरात फोन लागेलच असे नाही. निघण्यापूर्वीच औषधांची यादी व जवळच्या रुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवावा.