बदलते ऋतुमान, वनौषधी आणि आपले उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील 'जनपदोद्ध्वंसनीय' हा अध्याय आपण सर्वांनीच अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, हे त्यातील प्रतिपादन सर्वांच्या स्मरणात असते. मात्र त्याच अध्यायात भगवान आत्रेय अग्निवेशास, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवण्यास सांगतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. या औषधी काढावयाच्या त्या कोणाच्या हातांनी, हा प्रश्न मावळ परिसरात चिकित्सा करताना आम्हांस वारंवार पडतो.

हिरडा, गुळवेल यांसारखी सह्याद्रीतील द्रव्ये गोळा करून आपल्यापर्यंत पोहोचविणारे हात प्रामुख्याने महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांचे आहेत. कातकरी हे नावच खदिरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. ब्रिटिश अमदानीत जंगलावर निर्बंध आले, तो व्यवसाय हातून गेला आणि हा समाज कोळसा पाडणे व वीटभट्टी यांच्या मजुरीकडे ढकलला गेला.

आता ऋतूंनीही या कुटुंबांची साथ सोडली आहे. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले आणि २६ मे रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडा आधी, मोसमी वारे मुंबई-पुण्यात येऊन पोहोचले. हे दिवस करवंदे-जांभळे विकून चार पैसे गाठीस बांधण्याचे, वीटभट्टीवरची उचल फेडण्याचे आणि गोळा केलेला बाळहिरडा वाळविण्याचे. अवेळी पावसात फळ सडते, कच्ची वीट विरघळते, हिरड्यास बुरशी धरते. चरकांनी यासच कालाचा मिथ्यायोग म्हटले आहे. मावळच्या उत्तरेस आंबेगाव-जुन्नर भागात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचे मोठे नुकसान केले. त्याच्या भरपाईसाठी तेथील आदिवासींना पुढे कित्येक वर्षे आंदोलन करावे लागले. हानी केवळ मालाचीच होते असेही नाही. घाटाखालची इर्शाळवाडी ही ठाकरवस्ती १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली.

जनपदोद्ध्वंसाचे मूळ चरकांनी अधर्मात सांगितले असून त्याचा आरंभ देश-नगराच्या प्रमुखांपासून होतो, असेही म्हटले आहे. ज्यांच्या घरी ना मोटार ना वातानुकूलन, त्यांनी हवेत कितीसा धूर सोडला असेल? भोग मात्र त्यांच्याच वाट्यास प्रथम येतो.

यावर फार्मसीचालक म्हणतील की, बुरशी लागलेले द्रव्य घेणे हा रुग्णाचा घात आहे. ते अगदी योग्यच आहे. सदोष द्रव्य नाकारलेच पाहिजे. परंतु ऋतूच्या लहरीचा सारा तोटा संग्राहकाने एकट्यानेच का सोसावा? हंगामापूर्वी लेखी दर ठरवावा, काही रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी आणि वाडीवर उंच ओट्याची, छप्पर असलेली वाळवणीची जागा उभारण्यात खर्चाचा वाटा उचलावा. द्रव्य चांगले मिळावे, हा यात आपलाही स्वार्थ आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर येथे कातकरी तरुणांनी वन धन योजनेत संघटित होऊन मोठ्या औषध कंपन्यांना थेट गुळवेल पुरविली. संधी दिल्यास काय होऊ शकते, याचे हे जवळचेच उदाहरण होय.

चिकित्सकांनीही एक विचार करावा. भट्टीवरील मजुरास 'दुपारी उन्हात जाऊ नका' असे सांगणे म्हणजे ग्रीष्मचर्येचे पालन नव्हे. त्यास पाणी, कोकमाचे सरबत वा पेज यांपैकी परवडेल ते सांगावे, कामाची वेळ बदलता येईल का ते मालकाशी बोलावे. तसेच वर्षा ऋतूचा उपचार पंचांगातील महिना पाहून न ठरविता प्रत्यक्ष पाऊस व रुग्णाचा अग्नी पाहून ठरवावा.

आपल्या बरणीतील प्रत्येक चूर्णामागे रानात वाकलेली एक पाठ असते. येत्या हंगामाची मागणी नोंदविताना प्रत्येक फार्मसीने निदान एका वाडीशी असा करार करावा, ही नम्र विनंती.