नाव घेतले, आता नदीचे ऋण फेडा

घोडेगावहून नगरला जाणारा रस्ता आमच्या भागातील लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. घोडेश्वरीला हात जोडून निघावे, पांढरीपूल मागे टाकावा, इमामपूरचा घाट चढावा आणि जेऊरमार्गे शहर गाठावे. हा घाट चढताना आपण एक मोठी सीमा ओलांडतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. घाटाच्या अलीकडे, आमच्या नेवासे तालुक्यात पडलेले पाणी गोदावरीकडे जाते. पलीकडे पडलेले पाणी सीनेत उतरते, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळते. दोन महानद्यांची खोरी ज्या डोंगररांगेवर वेगळी होतात, तिच्या कुशीत सीना जन्म घेते. तिचा एक प्रवाह शहराच्या पश्चिमेकडून, जामगावच्या बाजूने येतो आणि दुसरा ईशान्येकडून, जेऊरच्या बाजूने. हे दोन्ही प्रवाह एकत्र होऊन जी नदी बनते, तिच्या काठावर आजचे अहिल्यानगर वसलेले आहे.

त्या नदीवरील पुलावरून जाताना आज प्रवासी नाकाला रुमाल लावतात. ज्या समाजाने नदीला माता म्हटले, त्याच समाजाची ही कृती आहे. या विसंगतीचा जाब कोणी तरी विचारला पाहिजे, आणि तो आधी स्वतःलाच विचारला पाहिजे.

कोरडी नदी बारमाही कशी झाली?

सीना ही पर्जन्यछायेच्या प्रदेशातील नदी आहे. बेसॉल्टचा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर आणि बेभरवशाचा पाऊस हे तिचे प्राक्तन. पावसाळ्यात चार दिवस दोन्ही काठ भरून वाहायचे आणि उन्हाळ्यात वाळूच्या पोटात ओल जपून ठेवायची, हा तिचा मूळ स्वभाव. त्या वाळूत झरा खणून घागर भरणाऱ्या पिढ्या या काठावर होऊन गेल्या.

आज मात्र शहरातून वाहणारी सीना ऐन वैशाखातही वाहताना दिसते. कोणाला वाटेल, नदीचे भाग्य उजळले. वस्तुस्थिती उलटी आहे. शहर जे पाणी पिते ते सीनेचे नाही. ते राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून उचलून आणले जाते. 26 टीएमसी क्षमतेच्या या धरणाच्या उजव्या कालव्यावर नेवासे, शेवगाव, पाथर्डीची शेती डोळे लावून बसलेली असते. गोदावरीच्या खोऱ्यातील ते निर्मळ पाणी विद्युतपंपांनी नगरला पोहोचते, घराघरांत वापरले जाते, आणि त्यातले जे नाल्यांवाटे सीनेत उतरते ते सांडपाणी म्हणून. उन्हाळ्यात दिसणारी सीना ही म्हणूनच नदी नव्हे; ती आपल्याच न्हाणीघरांची आणि शौचालयांची मोरी आहे. एका खोऱ्याचे पाणी घ्यायचे आणि दुसऱ्या खोऱ्याला घाण द्यायची, याला विकास म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे.

या काठाने काय पाहिले

ही नदी काही ऐरीगैरी नव्हे. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. तेथील संगमेश्वराच्या मंदिरात शके 940, म्हणजे इ. स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या आजवर ज्ञात असलेल्या अत्यंत प्राचीन कालोल्लेखी लेखांत त्याची गणना होते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात सापडलेले बहुमुखी शिवलिंग पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. आपली मायबोली दगडावर उमटली ती या नदीच्या पायथ्याशी, आणि तिच्या उशाशी असलेले आपले शहर तिच्यात मैला सोडते.

1490 साली मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि सीनेच्या डाव्या तीरावर नवे शहर वसवण्यास प्रारंभ केला. त्या राजवटीचे राजकीय मूल्यमापन आपण आपल्या दृष्टीने करूच. पण एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. या नदीचे पाणी बारा महिने पुरणारे नाही, हे त्या काळातील जाणकारांनी ओळखले होते. कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी शहरात आणण्याची व्यवस्था तेव्हा उभी राहिली. ज्या राजवटीने दिलेले नाव आपण बदलले, तिच्या काळी पाण्याचा जेवढा विचार झाला, तेवढा तरी आपल्या काळात होतो आहे काय? हा प्रश्न टोचणारा आहे. पण तो टाळून चालणार नाही.

नामांतर आणि त्यानंतर

31 मे 2023 रोजी चौंडी येथे अहिल्यानगर या नावाची घोषणा झाली. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नामांतर प्रत्यक्षात आले. ‘नाव बदलून काय साधले?’ असा कुत्सित प्रश्न काही पुरोगामी मंडळींनी तेव्हा विचारला. त्यांना उत्तर द्यायलाच हवे. नाव ही केवळ पाटी नसते. समाजाने आपल्यासमोर कोणता आदर्श ठेवला, हे त्यातून प्रकट होते. नामांतर योग्यच झाले.

परंतु आदर्श स्वीकारला की त्याचे उत्तरदायित्वही येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातील चौंडीचा; आणि चौंडी हे गाव याच सीनेच्या काठचे. 1767 ते 1795 या काळात त्यांनी महेश्वरहून राज्यकारभार केला. नर्मदेवरचे महेश्वरचे घाट असोत, काशीतील गंगेचे घाट असोत, की गावोगावच्या विहिरी, बारवा आणि धर्मशाळा असोत, पाण्यापर्यंत माणसाला सन्मानाने पोहोचता यावे, ही त्यांच्या लोककल्याणाची धारणा होती. 1780 च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या या राणीच्या हातात चित्रकार शिवपिंडी दाखवतात. त्या पिंडीवर अभिषेक करायला सीनेचे पाणी कोणी आज आणील काय?

नकाशा पाहा. अहिल्यानगर शहर वरच्या अंगाला आहे. तेथून निघालेली सीना कर्जत तालुक्यातील निमगाव गांगर्डे येथील धरणात विसावते आणि पुढे चौंडीच्या शिवाराकडे जाते. अर्थ स्पष्ट आहे. देवींचे नाव धारण करणारे शहर आपले सांडपाणी देवींच्या जन्मगावाच्या दिशेने सोडते. 6 मे 2025 रोजी त्रिशताब्दीनिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. जयंतीच्या मिरवणुका निघतात, पुतळ्यांना हार पडतात. आपणही त्यात असतो. मिरवणूक पुलावरून जाताना आपल्यापैकी कितीजण खाली पाहतात?

पळवाटा पुरे झाल्या

या विषयावर बोलू लागले की तीन पळवाटा पुढे येतात.

पहिली पळवाट म्हणजे दोष श्रद्धेवर ढकलणे. नद्या बिघडल्या त्या निर्माल्याने आणि विसर्जनाने, असे सांगितले जाते. गणेश विसर्जन वर्षातून काही दिवस होते. गटार वर्षाचे 365 दिवस वाहते. तथापि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य पुलावरून भिरकावणारा हात आपलाच असतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. श्रद्धेचा बचाव करायचा, तर तिचे आचरणही शुद्ध हवे.

दुसरी पळवाट सुशोभीकरणाची. काठाला सिमेंटच्या भिंती, वर दिवे आणि बाकडी बसवली की नदी सुधारली, असे मानले जाते. अहमदाबादेत साबरमतीच्या देखण्या काठामध्ये जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे आहे. आपल्याकडे ओतायला नर्मदा नाही. गटार तसेच ठेवून काठ रंगवणे म्हणजे आजारी आईला औषधाऐवजी पैठणी नेसवणे होय.

तिसरी पळवाट सर्वांत सोयीची: ‘हे काम महापालिकेचे आहे.’ जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 चा आहे. नगरपालिकेची महापालिका 2003 साली झाली. अमृत योजनेतून भुयारी गटारांची योजनाही आली. कायदा, संस्था, योजना हे सर्व असताना नदी तशीच राहिली, तर उणीव पाठपुराव्याची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातील होते. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर उतरला. महाराष्ट्राचा मात्र 55 झाला. दोन्ही वेळा आपले राज्य पहिले. या ‘अव्वल’ स्थानाची लाज कोणत्याही एका पक्षाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

नदी मात्र विसरत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला आलेल्या महापुराने माढा, मोहोळ भागातील गावे वेढली आणि सोलापूर-पुणे महामार्गही अडवला. शहरातही जोराचा पाऊस झाला की कल्याण रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जातो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कागदावर आखायची, आणि तिच्या आत भराव टाकून इमारती उठू द्यायच्या, हा नदीशी केलेला करारभंग आहे. त्याची भरपाई नदी सव्याज वसूल करते, आणि बहुधा ती खालच्या गावांतील निरपराध शेतकऱ्यांकडून.

मागणी एकच

म्हणून मागणी एकच असावी: प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा एकही नाला सीनेत पडू नये. सुशोभीकरणाचा पहिला रुपया खर्च होण्यापूर्वी हे झाले पाहिजे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी काय करावे? नागापूरपासून बुरुडगावपर्यंत नदीकाठ पायी चालावा. किती नाले कोठे पडतात, कोणत्या वस्तीतून येतात, याची वहीत नोंद करावी. ती यादी नगरसेवकासमोर ठेवावी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. आपल्या विचारांचा असेल तर आधी त्याच्यासमोर. दर तीन महिन्यांनी पुन्हा चालावे आणि किती नाले बंद झाले ते मोजावे. गृहिणींनी आपल्या सोसायटीचे सांडपाणी नेमके कोठे जाते, हा प्रश्न बैठकीत विचारावा. यात घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत, छायाचित्रे नाहीत. पण अशा निरलस कामाचीच तर आपल्याला सवय असल्याचे आपण अभिमानाने सांगतो.

अहिल्यादेवींचे नाव आपण मागून घेतले. कोणी ते आपल्यावर लादलेले नाही. चौंडीच्या काठावरची एखादी माहेरवाशीण सीनेत निःशंकपणे ओंजळ बुडवील आणि ते पाणी कपाळाला लावील, त्या दिवशी हे नाव घेण्याचा अधिकार आपण मिळवला, असे म्हणता येईल.