आतल्या दाराची कडी

२५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या कंपनीने लिनक्समधला एक दोष जाहीर केला. नाव दिलं ‘पॉनकिट’. कंपनी कॅलिफोर्नियाची, पण तिचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यात आहे. दोष २००९ पासून तसाच पडून होता. उबुंटू, डेबियन, फेडोरा, सगळीकडे.

इथे कॅनडात आयटीवाले डिसेंबर २०२१ मध्येच दमले होते. तेव्हा ‘लॉगफोरजे’च्या भीतीने क्यूबेक सरकारने खबरदारी म्हणून जवळपास चार हजार वेबसाइट बंद केल्या होत्या. त्यामुळे पॉनकिटच्या वेळी ‘हा तर लोकल दोष, बघू सावकाश’ असा सूर ऐकू येत होता. मला तो धोक्याचा वाटतो.

लोकल म्हणजे काय? तर हल्लेखोराकडे त्या मशीनवर आधीच एखादं साधं खातं हवं. लॉगफोरजे हे रस्त्यावरचं फाटक, पॉनकिट हे तिजोरीच्या खोलीचं दार. पण फाटकातून आत आलेला चोर अंगणात थोडाच बसणार? साध्या खात्यावरून तो थेट ‘रूट’, म्हणजे मशीनचा मालक होतो. मग डेटा त्याचा आणि मागच्या खुणा पुसायची सोयही त्याचीच.

चूक ‘पीकेएक्झेक’ या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो कुणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालतो. त्याला सूचनांची यादी पूर्ण रिकामी दिली, की तो यादीपलीकडची मेमरी वाचतो आणि तिथे हल्लेखोराने ठेवलेलं खरं मानतो.

खरा इलाज म्हणजे अपडेट. ते लगेच जमत नसेल तर या प्रोग्रॅमचा तो खास अधिकार काढून घ्यायचा. एका ओळीची कमांड आहे, मशीन रीस्टार्टही करावं लागत नाही. काही कामं तात्पुरती अडतील, तेवढं चालवून घ्यावं.

‘आमच्याकडे विंडोज आहे, आम्हाला काय त्याचं?’ असं गावाकडचे विचारतील. एक तर बँकांचे, सरकारी कार्यालयांचे कितीतरी सर्व्हर लिनक्सवरच चालतात. दुसरं म्हणजे घरच्या लॅपटॉपवर आई-बाबा बहुधा अॅडमिन खात्यानेच सगळं करतात. तिथे आतल्या दाराला कडीच नाही. चुकून एकदा ‘येस’ दाबलं की संपलं. पुढच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना रोजच्या वापरासाठी साधं खातं उघडून द्या, आणि अपडेट चालू आहे ना, तेही बघा.