सावकाराच्या वहीत आपली चित्रं



वर्गणीतून गटासाठी एक जुना मॅक आला आणि लगेच तीन तट पडले. वेबवर टाकायची पोस्टरं, बॅनरं, अंकाची कव्हरं करायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, एवढाच सवाल. पहिला तट म्हणतो, फोटोशॉपचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरा, त्याशिवाय इज्जतीचं काम होत नाही. दुसरा म्हणतो, भाडं कशाला? क्रॅक टाका. भांडवलदाराला टोपी घालणं हीच क्रांती. तिसरा खिशातून फोन काढतो नि म्हणतो, कॅनव्हावर आयते साचे पडलेत, पाच मिनिटांत जयंतीचं बॅनर तयार.

तिघांचंही ऐकून घेतलं. तिघांपैकी एकानंही हे विचारलं नाही की आज केलेली फाईल उद्या कुणाच्या परवानगीनं उघडणार? मी गोदीत माल हलवतो, मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही, पण एवढं कळतं की वखारीची किल्ली ज्याच्या कमरेला, माल त्याचा. घाम कुणाचा गळला हे तिथं कुणी विचारत नाही.

कुणी म्हणेल, घराला आग लागलीय आणि ह्यांना सॉफ्टवेअर सुचतंय. अरे बाबा, गावात बहिष्कार पडला, वस्तीवर हल्ला झाला, तर ती बातमी आज सगळ्यात आधी चित्र होऊन फोनच्या पडद्यावर येते. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण जगाला कसे दिसतो ते ह्या चित्रांवर ठरतं. वेबचं चित्र हा आजचा छापखाना आहे. आणि छापखान्याचा धडा आपल्याला नवा नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या दारात अर्ज घेऊन बसले नाहीत. त्यांनी भारत भूषण छापखाना उभा केला, त्याचाच पुढं बुद्धभूषण झाला. २०१६ च्या जून महिन्यात दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातला हा छापखाना रात्रीत पाडला गेला. आपली खिळे जुळवायची जागा कुणाच्या डोळ्यांत किती सलते ते तेव्हा उघड्यावर आलं. आता तीच जागा आपण आपण होऊन दुसऱ्याच्या नावावर करायची?

एका सॉफ्टवेअरची गोष्ट सांगतो. वेबच्या चित्रांसाठीच जन्माला आलेलं एक हत्यार होतं, फायरवर्क्स. मॅक्रोमीडिया कंपनीनं ते १९९८ साली काढलं. बटणं, बॅनरं, कमी वजनाची चित्रं, सगळं त्यात होई. जगभर कितीतरी पोरं त्यावर हात बसवून पोट भरत होती. २००५ साली अॅडोबीनं मॅक्रोमीडियाच गिळली. २०१३ साली जाहीर केलं, फायरवर्क्स यापुढं वाढवणार नाही. २०१९ साली अॅपलनं मॅकच्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटांची जुनी सॉफ्टवेअरं बंद केली, फायरवर्क्स त्यातच गेलं. त्यातल्या फाईलींचं काय? ती फाईल नावाला पीएनजी, म्हणजे सगळीकडं उघडणारी. पण लेअर, बदलता येणारी अक्षरं, हे सगळं फायरवर्क्सलाच कळेल अशा भाषेत आत दडवलेलं. दुसरीकडं उघडली तर एक सपाट चित्र हाती येतं. बघायला मिळतं, दुरुस्त करता येत नाही. वरून पीएनजी, आतून कुलूप.

ही सावकाराची वही झाली. ती मोडीत लिहिलेली, वाचायची त्यानंच, आकडा सांगायचा त्यानंच, कुळानं फक्त अंगठा द्यायचा. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याचे शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांनी कर्जरोखे हुडकून हुडकून जाळले. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या लोकांना कळत होतं की आपली मान कागदात अडकलीय. आपल्या शिकल्यासवरलेल्या डिझायनरांना फाईलीच्या बाबतीत एवढं कळू नये?

आता पहिल्या तटाकडं वळू. १९९० साली फोटोशॉप आलं ते मॅकवरच, आणि काम करतं झक्कास, हे मी नाकारत नाही. फोटोच्या बारीक कामात त्याला आजही तोड नाही म्हणणारे आहेत, म्हणू देत. पण २०१३ साली अॅडोबीनं ठरवलं की नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, भाड्यानंच मिळेल. भाडं थांबलं की हत्यार हातातून गेलं. पीएसडी फाईल आपल्या मॅकवर पडून असते, पण पुरती उघडणारा हात दुसऱ्याचा. इतर सॉफ्टवेअरांत ती उघडते, पण कुठं सावली जाते, कुठं अक्षरांची मांडणी विस्कटते. आणि सोडायचं म्हटलं तर? जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारनंच अॅडोबीवर खटला भरला. आरोप असा की वर्षाच्या करारातून मध्येच सुटण्याची फी गिऱ्हाइकापासून दडवली, बाहेर पडायची वाट मुद्दाम बिकट ठेवली. कंपनीनं आरोप नाकारले. पण करारातून सुटायचा दंड हा शब्द ऐकून ज्याच्या बापजाद्यांनी वेठ केली त्याच्या कानात काहीच वाजत नसेल, तर कान तपासून घ्यावा.

आणि ते ‘इज्जतीचं काम’ म्हणजे काय रे? अमुक सॉफ्टवेअरात केलं की पोस्टर शुद्ध आणि तमुक फुकटातल्या सॉफ्टवेअरात केलं की ओवळं? १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ह्या एका वाक्यात दोन्ही शेजारी शेजारी बसलेत. भाडं एकाचं, सोवळं दुसऱ्याचं.

दुसरा तट क्रॅकवाल्यांचा. ह्यांच्याबद्दल मला माया आहे, कारण खिशात दमडी नसते तेव्हा माणूस हेच करतो. पण ह्याला बंड म्हणू नका. सवय मालकाच्याच हत्याराची लागते, फाईल मालकाच्याच कुलपात जाते, उद्या नोकरी लागली की तोच पोरगा साहेबाला सांगतो, मला फोटोशॉपच येतं. मालकाचं काय बुडालं? फुकटचा उमेदवार मिळाला. शिवाय मॅकची राखण बंद करून, कुणा अनोळखी इसमानं फोडलेलं सॉफ्टवेअर ज्या मशीनवर टाकायचं, त्याच मशीनवर आपल्या कार्यकर्त्यांचे नंबर, केसचे कागद, अत्याचारग्रस्तांचे फोटो. चोरवाटेनं आपण आत जातो तशी दुसरी माणसंही येतात.

तिसरा तट आयत्या साच्यांचा. दुकानाच्या सेलचा साचा, बारशाचा साचा आणि महापरिनिर्वाण दिनाचा साचा एकाच कपाटातला. फुलांची महिरप तीच, सोनेरी वेलबुट्टी तीच, फक्त फोटो बदलायचा. अशानं बाबासाहेबांचा देव होतो, विचार होत नाही. ह्याच कॅनव्हानं मार्च २०२४ मध्ये सेरीफ ही ब्रिटिश कंपनी घेतली. सेरीफचं अॅफिनिटी मॅकवर २०१४ पासून होतं, एकदा पैसे भरा आणि कायम वापरा, भाड्याला कंटाळलेल्यांचा तो आसरा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनव्हानं अॅफिनिटी फुकट करून टाकलं. चांगलं आहे, वापरायचं तर वापरा. पण त्याला कॅनव्हाचं खातं लागतं आणि मूळ फाईल अजूनही त्यांच्याच भाषेत. जेवण फुकट आहे, ताट त्यांचं आहे, उद्या पंगतीतून कधी उठवायचं तेही तेच ठरवणार.

आता आपल्या भाषेचं बघा. खरं ओझं इथंच कळतं. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ एवढं टाईप करा. देवनागरीचा कंपोझिटर चुकीचा असला तर शिका मधली वेलांटी श च्या आधी बसायची ती मागं पडते. संघटित मधलीही तशीच ट च्या मागं घसरते. व्हा चं जोडाक्षर फुटून पायमोडका व् उभा राहतो. संघर्ष मधला रफार ष च्या डोक्यावरून खाली उतरतो. म्हणजे आपली घोषणाच नेमकी मोडते. अॅडोबीच्या सॉफ्टवेअरांत अनेक वर्षं देवनागरीसाठी वेगळी मांडणी शोधून चालू करावी लागायची. एवढं भाडं घेऊन आपली अक्षरं मागच्या दारानं. मग पोरांनी जुने फॉन्ट धरले, ज्यांत मराठी अक्षराच्या पोटात इंग्रजी अक्षर असतं. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर सगळा मजकूर शेणकाला. युनिकोडच वापरा, दुसरं काही नको.

तर मग घ्यायचं काय? सरळ सांगतो.

पोस्टर, चिन्ह, बॅनर यासाठी इंकस्केप. ते २००३ पासून लोकांनी मिळून वाढवलंय, आणि २०२० च्या १.० आवृत्तीपासून मॅकवर मधल्या कुबडीशिवाय चालतं. त्याची फाईल एसव्हीजी, २००१ पासून वेबचं खुलं प्रमाण. उद्या इंकस्केप बुडालं तरी ही फाईल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडून वाचता येते, रंगाचा आकडा हातानं बदलता येतो. फोटोसाठी गिंप, त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. हातानं चित्र काढणाऱ्यांसाठी क्रिटा. नुसतं कापायचं, लहान करायचं तर मॅकमधलं प्रिव्ह्यू पुरे. शेवटी इमेजऑप्टिममधून काढून वजन उतरवा, कारण आपला वाचक स्वस्तातल्या फोनवर, संपत आलेल्या डेटावर बघतोय. इंकस्केप आणि गिंपमध्ये देवनागरी मांडते ती हार्फबझ नावाची खुली यंत्रणा, क्रोम आणि फायरफॉक्समध्येही तीच आहे. तिथं वेलांटी आपल्या जागी बसते. फॉन्ट हवेत तर मुंबईच्या एक टाईपचे मुक्त आणि बलू घ्या, लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला यात्रा वन घ्या. खुल्या परवान्याचे आहेत, एक पैसा द्यायचा नाही.

सपाट रंगाचं आणि अक्षरांचं चित्र पीएनजीत काढा, फोटो जेपीजीत. पीएनजीचा जन्मच ह्या भांडणातून झालाय. जीआयएफमधल्या एका युक्तीवर युनिसिस कंपनीनं पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा माणसं चिडली आणि १९९५-९६ मध्ये त्यांनी स्वतःचं, कुणाचं देणं नसलेलं प्रमाण घडवलं. जगानं ते घेतलं. म्हणजे होतं असं. छपाईसाठी शाईच्या हिशेबानं केलेली फाईल तशीच वेबवर टाकू नका, आपला निळा मरतो. आणि चित्रात कोंडलेलं अक्षर मुकं असतं, शोधलं तर सापडत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला दिसत नाही. म्हणून चित्राखाली मजकूर वेगळा लिहाच.

ह्या हत्यारांना ओवाळायला मी निघालो नाही. इंकस्केप मॅकवर कधी कधी रखडतं, गिंप अंगवळणी पडायला वेळ घेतं. आणि खुलं म्हणजे आपोआप आपलं, असंही नाही. गोदीत आम्ही कंटेनर बघतो. वीस फुटी असो की चाळीस फुटी, त्याचे कोपरे जगभर सारखे, म्हणून कुठल्याही बंदरात कुठलीही क्रेन तो उचलते. खुली फाईल तशीच. पण त्याच पेटीनं पाठीवर पोती वाहणाऱ्या टोळ्यांचं काम खाल्लं, कारण माप ठरवताना टोळीतला कुणी तिथं नव्हता. खुल्या सॉफ्टवेअरच्या दाराला कुलूप नाही, पण आत बसलेल्यांत आपली माणसं किती? म्हणून नुसतं वापरून भागणार नाही. मराठी भाषांतरात हात घाला. अक्षर मोडलं तर तिथं तक्रार नोंदवा. वस्तीतल्या पोरींना मॅकपुढं बसवा, माऊस पोरांच्याच हातात नको. दर पोस्टराची मूळ एसव्हीजी तीन ठिकाणी ठेवा आणि नांदेडच्या, नागपूरच्या गटाला मोकळी पाठवा, त्यांनी गावाचं नाव बदलून वापरावी. वर्गणीतला जो पैसा भाड्यात जाणार होता तो केसच्या तारखेला जाणाऱ्या माणसाच्या एसटीला द्या.

पहिलं पोस्टर वाकडं येईल. येऊ दे. आपल्या हातचं वाकडं उद्या उघडून सरळ करता येतं. भाड्याच्या खोलीत टांगलेलं चित्र कितीही देखणं असो, घरमालकानं कुलूप बदललं की आपण रस्त्यावर आणि चित्र आत.