शिलेदार की बारगीर?

दिवाळी आली, की आमच्या इमारतीच्या अंगणात मुलांचा किल्ला उभा राहतो. चिखलात बरबटलेले हात, अळिवाची हिरवळ, बुरुजावर सिंहासन आणि पायथ्याला ओळीने मांडलेले मातीचे घोडेस्वार. एकाची तलवार मोडलेली, दुसऱ्याच्या घोड्याला तीनच पाय. पण ऐट मात्र अशी, की आता अटकेपार निघालेच! ह्या वर्षी त्या स्वारांकडे पाहताना मला हसू आवरेना. कारण आमच्या घरातल्या एका स्वाराचा घोडा नुकताच निघण्यापूर्वीच अडला होता.

माझ्या पुतण्याने मंगोलियाला जायचे ठरवले. दहा दिवस गवताळ माळरानावर घोड्यावरून प्रवास, रात्री तंबूत किंवा धनगरांच्या नमद्याच्या गोल घरात मुक्काम. माहितीपत्रकात एक ओळ ठळक होती : ‘केवळ अनुभवी स्वारांसाठी.’ चिरंजिवांनी अर्जात ‘अनुभवी’ ह्या शब्दापुढे बेधडक खूण केली. पुढे संयोजकांनी विचारले, की दौडत्या घोड्याला मोकळ्या मैदानात आवरता येते काय, सलग पाच-सहा तास बसण्याची सवय आहे काय, आणि वजन किती? तेव्हा खरे बाहेर पडले. अनुभव म्हणजे माथेरानच्या दोन सहली. त्याही लगाम घोडेवाल्याच्या हातात! संयोजकांनी नम्रपणे नकार कळवला.

झाले! घरात जणू सुतक पडले. वहिनी म्हणाल्या, “पैसे मोजतोय ना आपण? मग ह्यांना काय करायचंय?” दादा म्हणाले, “ज्यांच्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवर राज्य मिळवले, त्यांना हे विचारणार?” आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, काकाने लेखणी उचलावी व ह्या अपमानाचा समाचार घ्यावा म्हणून. वाचकहो, लेखणी मी उचलली आहे. परंतु ती संयोजकांच्या बाजूने!

आधी ‘मोकळे माळरान’ म्हणजे काय ते पाहू. आपली समजूत अशी, की सपाट जमीन म्हणजे सोपी जमीन. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत ते खरे असेल. स्वाराच्या बाबतीत नेमके उलटे आहे. शिकाऊ घोडा रिंगणात उधळला, तर कुंपणाशी येऊन थांबतो. माळावर कुंपण कसले? १५ लाख ६० हजार चौरस किलोमीटरांहून मोठा तो देश. वस्ती सुमारे ३५ लाख आणि तीही जवळजवळ निम्मी उलानबातर ह्या एकट्या राजधानीत. माणसांपेक्षा घोडे अधिक. एक घोडा भडकला की बाकीचेही धावत सुटतात, आणि वाटेत मार्मोट नावाच्या प्राण्याची बिळे गवतात लपलेली असतात. तिथे पडलेल्या माणसाला इस्पितळात पोहोचवायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. ही अट तुमचा पाणउतारा करण्यासाठी घातलेली नाही. ती तुमची मान शाबूत राहावी म्हणून घातलेली आहे.

पण माझा खरा मुद्दा मानेचा नाही, पाठीचा आहे. आणि ती पाठ घोड्याची आहे.

मंगोल घोडा अंगाने लहान. आपल्याकडचे लोक त्याला तट्टू म्हणून हिणवतील. हा घोडा तबेल्यात राहत नाही, चंदी खात नाही. बारा महिने उघड्यावर चरतो. हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून खालचे वाळके गवत शोधतो. उणे तीस-चाळीस अंशांच्या त्या थंडीत त्याला तारते ती उन्हाळ्यात अंगावर चढलेली चरबी. आणि सहलीचा हंगाम कोणता? तोच उन्हाळा! मांड कच्ची असलेला स्वार घोड्यावर बसत नाही, आदळतो. प्रत्येक दुडकीला त्याचे सगळे ओझे कण्यावर पडते, तोल जाऊ नये म्हणून तो लगामाला लोंबकळतो, आणि खोगीर सरकून पाठ सोलली जाते. तुम्ही दहा दिवसांनी छायाचित्रे घेऊन परत येता. ती पाठ घेऊन हिवाळा काढायचा असतो घोड्याला.

त्या हिवाळ्याला कधी कधी ‘झुड’ म्हणतात. असे बर्फ पडते, की गवतापर्यंत तोंडच पोहोचत नाही. २००९-१० च्या झुडमध्ये ऐंशी लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३-२४ मध्ये पुन्हा सत्तर लाखांहून अधिक. जनावर गेले म्हणजे धनगराचे सर्वस्व गेले. कितीतरी कुटुंबे अशीच उठून उलानबातरच्या कडेच्या वस्त्यांत येऊन पडली. तेव्हा ‘पैसे मोजले’ म्हणणाऱ्याने एवढे सांगावे, की दहा दिवसांच्या भाड्यात नेमके काय विकत घेतले? घोड्याची चाल, की धनगराचा पुढचा हिवाळा?

आता पूर्वजांकडे वळू. मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगीराला तो सरकारी पागेतून मिळे. परंतु घोडा दुसऱ्याचा आहे, म्हणून बारगीराची कच्ची मांड कोणी चालवून घेतली असती काय? मंगोलियाच्या माळावर तो धनगर शिलेदार आहे आणि आपण बारगीर. बारगीराने पागेत शिरताना वंशावळ दाखवायची नसते. बसून दाखवायचे असते. आपण पुतळ्यातला घोडा ओळखतो, मिरवणुकीतला ओळखतो. पण आपल्या भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी घोडी आजही धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोगणती चालतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

एक आक्षेप मात्र मी खरा मानतो. कोणी म्हणेल, की अनुभव मिळवायचा कुठे? शहरात घोडेस्वारी शिकणे हा श्रीमंतांचा शौक होऊन बसला आहे. म्हणजे ही अट शेवटी पैशाचीच अट झाली. खरे आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. पण त्यावर उपाय वरची अट सैल करणे हा नव्हे. खालचे दार उघडणे हा आहे. पोहायला शिकणे महाग झाले म्हणून कोणी न येणाऱ्याला भर समुद्रात उतरवत नाही. गावात तलाव बांधा म्हणून भांडतो. तसे भांडा, मी तुमच्या पुढे उभा राहीन. उलट ‘नवशिकेही चालतील’ असे सांगून कोणालाही माळावर नेणारे जे आहेत, ते गरिबांचे कैवारी नव्हेत. ते घोड्याच्या पाठीवर आपला गल्ला भरतात, एवढेच.

आणि हा अनुभव प्रमाणपत्राचा नाही, हेही लक्षात घ्या. तिथली मुले चार-पाच वर्षांची असताना घोड्यावर बसतात. जुलैतल्या नादामच्या उत्सवात लहान मुलेच मैलोगणती शर्यती पळवतात. त्यांच्याजवळ कसला कागद आहे? अर्जातला तो प्रश्न तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून विचारलेला असतो. त्यात खोटी खूण करणारा संयोजकांना फसवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात फसतो तो मुका प्राणी.

हे सारे मी घरात बोललो तेव्हा दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुतण्या मात्र बोलला. “काका, मग मी शिकू कुठे?” म्हणाला. आता तो दर रविवारी पहाटे गावाबाहेरच्या एका तबेल्यात जातो. पहिला महिना त्याला लीद उचलायला, खरारा करायला आणि तंग आवळायला लावले. मांड्या सोलून घरी येतो. वहिनी हळद-तेल लावत त्या तबेल्याच्या नावाने बोटे मोडतात. परवा प्रथमच तो कुणी लगाम न धरता दुडक्या चालीने रिंगणाला फेरी घालून आला, आणि त्या रात्री त्याने तो जुना अर्ज काढून ‘अनुभवी’ पुढची खूण स्वतःच खोडली.

दोन वर्षांनी ती पुन्हा करीन म्हणतो. तोवर किल्ल्यावरचा तीन पायांचा घोडा त्याने आपल्या टेबलावर आणून ठेवला आहे.